माझ्या आवाजातला सिनेमा

टाळेबंदीच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या घरात चारच माणसं होती. माय, दादा, धाकटा भाऊ आणि मी. वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली होती, ती तिकडंच अडकली. आमच्या गावात, कुरुंद्यात, त्या दिवसांत कुणी कुणाच्या ओट्यावरही बसत नव्हतं. हळद शिजवून, वाळवून झाली होती, पण मोंढ्यातला बाजार बंद, त्यामुळं पोती घरातच पडलेली. धाकट्याचं वसमतला फोटो स्टुडिओचं दुकान होतं. लग्नंच नाहीत म्हटल्यावर तोही कॅमेरा घेऊन घरी येऊन बसला.

एका दुपारी तो मोबाईल घेऊन माझ्याकडं आला. "ताई, हे बघ. हसून हसून मरशील."

जुना सिनेमा होता. रंग थोडे उडालेले, माणसं चपट्या कॉलरचे शर्ट घातलेली. एक कंजूष मालक आणि त्याच्या हाताखाली राबणारी दोन माणसं. मालक त्यांना छळतो, ती दोघं त्याला कशी टांग मारायची ते शोधत राहतात. भाषा अजिबात कळत नव्हती. मी म्हटलं, "चिनी हाय का हे?"

"चिनीच, पण कँटोनीज म्हणतात. हाँगकाँगकडची. आणि आयक ना, हे तिघं सख्खे भाऊ हायेत. एकानंच लिहिलं, त्यानंच दिग्दर्शन केलं, तोच मालक झाला. दुसरा गाणं म्हणतो. तिसरा हा येड्यासारखा करतो तो. तिकडं लई चालला होता म्हणं हा सिनेमा, थेटरला रांगा लागायच्या."

माय बाजूला लसूण सोलत होती. तिनं विचारलं, "सख्खे भाऊ हायेत अन् एका जागी काम करतेत? भांडत न्हाईत?"

"न्हाई माय. घरचीच कंपनी."

मायला त्या सिनेमाचं हेच सगळ्यात नवल वाटलं. पडद्यावर काय चाललंय यापेक्षा ती तिघांची नाकं जुळतात का ते बघत होती.

भाषा कळत नाही म्हणून आम्हीच त्यांच्या तोंडी शब्द घालायला लागलो. सुरुवात दादानं केली. दादा तसा अबोल माणूस. पण पडद्यावरच्या मालकानं नोकराच्या पानातला तुकडा उचलला, तसा दादा आमच्या गावातल्या एका आडत्याच्या आवाजात बोलला, "काहून रे, दोन दोन घास घेऊन राहिला? बापाचं लगीन हाय का?" हसता हसता मायच्या हातून लसणाचं ताट सांडलं. मग धाकटा नोकर झाला, मी मालकाची बायको झाले. त्या दिवसापासून रोज दुपारी आमचा तोच उद्योग.

धाकट्यानं ते रेकॉर्ड करायचं ठरवलं. आवाज घुमू नये म्हणून धान्याच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावल्या. त्या सिनेमाचे छोटे छोटे तुकडे कापायचे, त्यावर आमचे आवाज बसवायचे आणि इंटरनेटवर टाकून लोकांना पाठवायचे. बायकांचे सगळे आवाज माझे. तरुण पोरगी, म्हातारी सासू, भाजीवाली. माझ्या घशात इतक्या बायका राहतात हे मलाही माहीत नव्हतं. महिन्याभरात ते तुकडे नांदेड, परभणीपर्यंत फिरले. हाँगकाँगची माणसं "न्हाई व्हय" करतात, याचंच लोकांना हसू यायचं.

मला त्या दिवसांनी काय दिलं हे सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. मी तेव्हा दीड वर्षापासून माहेरी होते. माझ्या नवऱ्याची पुण्याकडं कंपनीत नोकरी. दिवाळीला आम्ही सासरी आलो होतो, तिथून त्यानं मला मोटारसायकलवरून माहेरी सोडलं, गाडी आमच्या अंगणात लावली आणि "पंधरा दिवसांनी न्यायला येतो" म्हणून एसटीनं गेला. तो आला नाही. आधी कामाचं कारण, मग फोन उचलणं बंद. गावात मला कुणी तोंडावर बोलत नव्हतं, पण मी पाण्याला गेले की बोलणं थांबायचं. घरातही मी दबकून वावरायचे. गोधड्यांच्या त्या खोलीत मात्र मी मोठ्यानं ओरडायचे, रुसायचे, नोकराला शिव्या द्यायचे. लग्नानंतर पहिल्यांदाच मला वाटलं, की मी कुणाच्या तरी कामाची आहे.

आणि धाकटा. तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान. कडेवर घेऊन फिरवलेला. घरात मी मनातलं बोलायचे ते त्याच्याशीच.

त्याला मी एक गोष्ट सांगितली होती. दुसऱ्या कुणालाच नाही, मायलाही नाही.

मी माहेरी आल्यावर सहाएक महिन्यांनी सासऱ्यांचा फोन आला. "रविवारी येतोत आमी." एवढंच. मला वाटलं, मला न्यायला येणार. मी श्रीखंड केलं, पुऱ्या केल्या. लग्नातली साडी नेसले. पिशवी भरली, त्यात चार साड्या, माझे कागद, लग्नाचे दोन फोटो. सासरे आणि दीर एक छोटा टेम्पो घेऊन आले. पोटभर जेवले. श्रीखंडाला वेलदोडा बराबर पडलाय म्हणाले. माय मागं भांडी घासायला गेली. दादा शेतात होता. ते दोघं बाहेर गेले म्हणून मी घाईनं पिशवी उचलली, देवाला नमस्कार केला आणि पदर सावरत बाहेर आले.

तर ते फळी लावून मोटारसायकल टेम्पोत चढवत होते. दोरीनं बांधलीसुद्धा.

सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पिशवीकडं. "बाई, ही पिशवी काहून आणली?"

ते गाडी न्यायला आले होते. ती गाडी मी दर चार दिवसांनी फडक्यानं पुसत होते. काहीतरी बोलायला हवं होतं, मी सासूचं निमित्त केलं. मी म्हटलं, "हळद हाय. घरची. आत्याबाईला द्या."

दिरानं पिशवी घेतली आणि मोटारसायकलच्या चाकाला टेकवून ठेवली. टेम्पो गेला. माझ्या चार साड्या, कागद, फोटो सगळं गेलं, आणि मी हात हलवत उभी राहिले. मायला सांगितलं की गाडी नेली. पिशवीचं सांगायची हिंमत झाली नाही.

हे मी धाकट्याला औंढ्याजवळच्या एका चहाच्या टपरीवर सांगितलं. आम्ही हिंगोलीहून परत येत होतो. तो ऐकताना रडला. चहा तसाच ठेवून त्यानं माझा हात धरला. "ताई, हे तू कुणाला सांगू नको. मी बी कुणाला सांगणार न्हाई. मायची आन."

टाळेबंदी उठल्यावर काही दिवसांनी आमचे ते तुकडे इंटरनेटवरून काढून टाकण्यात आले. सिनेमाच्या मालकांची तक्रार आली होती. त्यात गैर काही नव्हतं, सिनेमा त्यांचाच होता. धाकटा दोन दिवस तोंड पाडून बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आपणच काढू. त्या भावांनी काढला तसा. आपला, आपल्या गावचा, आपल्या बोलीत."

गोष्ट त्यानंच लिहिली. हळदीचा एक कंजूष व्यापारी आणि त्याचे दोन नोकर. व्यापारी म्हणजे दादा. एक नोकर तो स्वतः, दुसरा त्याचा वसमतचा मित्र. गावातल्या बायका कॅमेऱ्यापुढं यायला तयार नव्हत्या. मी तयार होते, तर माय म्हणाली, "नको बाई. आधीच लोकं बोलतेत. टाकलेली पोरगी पडद्यावर नाचती म्हणतेन." धाकट्यानं तोड काढली. बायकांच्या भूमिका बाप्यांनीच करायच्या, साड्या नेसून, आणि आवाज मात्र ताईचा. त्यातच जास्त हसू येईल, तो म्हणाला. ते खरंच होतं.

मी शिवणकाम करायचे, म्हणून कपडे माझ्याकडं. दादाला एका प्रसंगात बाई व्हायचं होतं. त्याचं माप घेताना टेप पाठीमागून पुढं येईना. दादा लाजून लाल झाला होता, माय पदरात तोंड घालून हसत होती. मी त्याला लाल काठाचं ब्लाऊज शिवलं, हूक मजबूत लावले, बाहीला चुणी घातली. "कोणती बाई हाय ही?" मी विचारलं. धाकटा म्हणाला, "हाय एक. लग्नाला निघालेली."

शूटिंग मी थोडंच बघितलं. बरंचसं शेतात आणि रस्त्यावर झालं, आणि मला सांगितलं होतं, तुझं काम खोलीत. आवाज घेताना तो मला चित्र दाखवत नसे. वाक्यं एकेक करून म्हणायला लावायचा, म्हणायचा, चित्र बघून बोललीस तर नाटकी होतं. मी शेजारीण झाले, गिऱ्हाईक झाले, देवळातली म्हातारी झाले. व्यापाऱ्याच्या दुकानातल्या प्रसंगात "हळद हाय, घरची" असं वाक्य आहे म्हणाला. कुरुंद्यात हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतं. मी ते म्हटलं. माझ्या मनात काहीच आलं नाही. त्यानं हेडफोन कानावर दाबून धरला होता. "बराबर," तो म्हणाला, "एकदम बराबर आलं."

सिनेमा तयार झाल्यावर त्यानं वसमतचं एक मंगल कार्यालय ठरवलं. दुपारची वेळ, खिडक्यांना कनाती बांधून अंधार केलेला. गावातली आणि आजूबाजूची माणसं इतकी आली की बायका स्टेजच्या पायऱ्यांवर बसल्या. मी आणि माय पुढून तिसऱ्या रांगेत होतो. मी नवी साडी नेसले होते. माझा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मागच्या बायकांत कुजबुज झाली आणि मला आतून गुदगुल्या झाल्या. सिनेमा चांगला होता. हे मी आजही म्हणते. दादा पडद्यावर आला की लोक आधीच हसायला लागायचे.

मग तो प्रसंग आला.

अंगण. दादा साडी नेसून, लाल काठाचं ब्लाऊज घालून, आरशात बघून कुंकू लावतोय. बाहेर टेम्पो येतो. दोन माणसं उतरतात, जेवायला बसतात, पुऱ्यांवर पुऱ्या खातात. मला अजून वाटत होतं, असेल योगायोग. पाव्हणे तर सगळीकडंच जेवतात. मग ती माणसं उठली, बाहेर गेली, आणि दादा पिशवी घेऊन देवाला नमस्कार करून पदर सावरत धावला. बाहेर फळीवरून मोटारसायकल टेम्पोत चढत होती.

"ही पिशवी काहून आणली?" पडद्यावरचा म्हातारा म्हणाला.

आणि सगळ्या सभागृहात माझा आवाज घुमला. "हळद हाय. घरची."

लोक इतके हसले की पुढचं काही ऐकूच येईना. माणसं एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत होती. पडद्यावर टेम्पो धावत होता, पिशवी फाटली होती आणि साड्या एकामागून एक रस्त्यावर उडत होत्या. दादा त्यांच्यामागं पळत होता. माझ्या शेजारी माय डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती. तिनं माझ्या मांडीवर चापट मारली, "बघ, बघ कसा पळून राहिला!"

मी उठले नाही. उठले असते तर सगळ्यांना कळलं असतं. मी बसून राहिले आणि चेहऱ्यावर हसू आणलं. ते हसू आणताना माझे जबडे दुखले, ते अजून आठवतं. मागं वळून पाहिलं तर धाकटा दाराशी उभा होता. तो पडद्याकडं बघत नव्हता. लोक कसे हसतात ते बघत होता.

घरी आल्यावर मी त्याला गोठ्याकडं बोलावलं. "मायची आन घेतली होतीस."

त्यानं दावणीची दोरी उगीच ओढून बघितली. मग म्हणाला, "तुझं नाव कुठं घेतलं ताई? कुणाला माहीत हाय?"

"मला माहीत हाय."

"तू सांगितलं तेव्हा मला हसू आलं नव्हतं, खरं सांगतो. पण लिहायला बसलो तर दुसरं काही सुचंना. सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती." हे तो इतक्या सरळ बोलला की मला त्याला मारायलाही हात उचलवेना. "अन् बघितलं न्हाईस का, लोकं कुणाला हसले? त्या सासऱ्याला. त्या लोभी लोकायला."

"लोकं पिशवीला हसले."

"तुझ्यासारखं ते वाक्य कुणालाच आलं नसतं."

"म्हणून मला न सांगता माझ्याकडूनच म्हणून घेतलंस?"

त्याच्या मनात आपण कुणाचं काही घेतलं असं नव्हतंच, हे मला त्याच्या तोंडाकडं बघून कळलं. त्याला वाटत होतं की घरातलंच आहे, घरच्यानंच वापरलं. सिनेमात सगळं चालतं. मी म्हटलं, तेवढा प्रसंग काढ. तो म्हणाला, काढतो.

दादाला गाडी नेल्याचं माहीत होतं, पिशवीचं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर तो खाटेवर बसला आणि कितीतरी वेळ नखं कुरतडत राहिला. "मला वाटलं त्यानं रचलंय," एवढंच म्हणाला. मला वाटलं, हा धाकट्याला चार शब्द सुनावेल. पण दुसऱ्याच आठवड्यात बाजारात लोक दादाला हाका मारायला लागले, "ओ हळदवाल्या बाई!" आणि जन्मभर खाली मान घालून चालणारा माझा भाऊ त्या हाकांना हात करून हसायला लागला. त्याच्याकडून काही होणार नाही हे मी ओळखलं.

मायला कळलं ते सगळ्यात वेगळ्या तऱ्हेनं. सिनेमा बघून आल्यावर दोन दिवसांनी ती भाकरी थापता थापता थांबली. "ती पिशवी," ती म्हणाली, "तुझी होती व्हय?"

मी मान हलवली.

"मी हसले ना गं." तिनं परातीतलं पीठ उगीच गोळा केलं. "मला काहून न्हाई सांगितलंस? त्याला सांगितलंस, मला न्हाई." ती माझ्यावरच रागावली होती. तिचंही चुकलं नव्हतं. पोटच्या पोरीचं दुःख तिला चारशे माणसांत बसून, हसून झाल्यावर कळलं. पण मी म्हटलं, त्याला तेवढं काढायला सांग, तर तिनं चुलीत लाकूड सारलं. "आता एवढ्या लोकायनं पाह्यलं. काढून काय व्हणार बाई? पोरगं मोठं होऊन राहिलं, त्याच्या वाटंत नको येऊ."

मला तो दुपारचा सिनेमा आठवला, ते हाँगकाँगचे तीन भाऊ. त्यांना बहीण होती का, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

धाकट्यानं महिन्याभरानं सिनेमा इंटरनेटवर टाकला. मी मोबाईलवर त्या प्रसंगापर्यंत बघत गेले. प्रसंग तसाच होता. बदललं एकच होतं. तेवढ्या भागात माझा आवाज काढून नांदेडच्या कुणा पोरीचा आवाज घातला होता. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "तुला तकलीफ नको म्हणून तुझा आवाज काढला ना ताई."

त्यानं सिनेमातून मला काढलं होतं आणि माझी गोष्ट ठेवली होती. पहिल्या वेळेपेक्षा मला हे जास्त लागलं. निदान माझ्या आवाजात ती माझी तरी होती.

सिनेमा गाजला. इकडं सेनगावपासून तिकडं परभणीपर्यंत लोकांनी बघितला. आणि एके सकाळी, इतक्या महिन्यांनंतर पहिल्यांदा, माझ्या नवऱ्याचा फोन आला. तो म्हणाला, "तुझ्या भावानं आमची बदनामी केली. टेम्पोतून गाडी आणली ते गावानं पाह्यलं होतं, आता माझ्या बापाला पोरं चिडवतेत."

मी म्हटलं, "पिशवी मिळाली होती का?"

"मिळाली. माझ्या मायनं उघडली. आमाला वाटलं तू मुद्दाम दिली, संबंध संपला म्हणून." तो थांबला. "बरंच झालं म्हणलो आमी. सांगायची तकलीफ वाचली."

मी कशी आहे हे त्यानं विचारलं नाही. पुढं सहा-सात महिन्यांनी वसमतच्या कोर्टात फारकतीच्या कागदांवर आमच्या सह्या झाल्या. धाकटा सोबत आला होता. त्यानं भाड्याच्या गाडीचं दार उघडून धरलं, पाण्याची बाटली दिली, सगळं केलं. मी त्याच्याशी रस्त्याबद्दल बोलले, ऊन किती आहे त्याबद्दल बोलले.

त्यानंतर मी हिंगोलीला आले. बसस्टँडपासून जवळच एका गल्लीत खोली घेतली, पुढच्या भागात ब्लाऊजं शिवते. काम बरं चालतं. शेजारच्या बाईनं एकदा मोबाईल माझ्यापुढं धरला, "ताई, हे बघा, तुमच्याकडलाच हाय म्हणं सिनेमा, लई हसवतो." मी म्हटलं, बघितलाय.

मागच्या दिवाळीनंतर धाकटा आला. आता त्याचं नाव झालंय, गाडी घेतलीय. दुसऱ्या सिनेमाची तयारी चालू आहे. त्याला मी पिठलं-भाकरी वाढली. तो मांडी घालून लहानपणी बसायचा तसाच बसला.

"ताई, तुझ्याशिवाय बायकांचे आवाज जमंनात. त्या पोरीत ते न्हाई. ये ना. आता सगळं आधी वाचायला देईन."

"नको."

"अजून राग हाय?"

राग होता का, हे मला नीट सांगता आलं नसतं. रागात माणूस कधीतरी बोलून मोकळा होतो. मी त्याला आणखी एक भाकरी वाढली. तो जेवता जेवता काहीबाही विचारत राहिला. तब्येत कशी, गिऱ्हाईकं कशी, एकटीला करमतं का. मी बरं, चांगली, करमतं, अशी उत्तरं देत होते. शेवटी त्यानं हात धुतले आणि दाराशी थांबला.

"तू मला आता काहीच सांगत न्हाईस."

"सांगण्यासारखं काय असतं?" मी म्हटलं.

त्या वेळी माझ्या आयुष्यात एक गोष्ट चालू होती. एका शिक्षकांची, बायको वारलेल्या माणसाची, माझ्यासाठी विचारणा आली होती. आम्ही दोनदा भेटलो होतो, बोललो होतो, आणि मला आवडलं होतं. मला ते कुणाला तरी सांगावंसं इतकं वाटत होतं की कधी कधी मशीन चालवता चालवता मी एकटीच हसायचे. पूर्वी असं काही झालं असतं तर मी पहिल्यांदा त्यालाच फोन केला असता.

तो गाडीत बसला. काच खाली करून म्हणाला, "येतो ताई."

"सावकाश जा," मी म्हटलं.